वेरावळची होडी

"नव्या नवरीक कोण ट्रकात घालून हाडता?" होडी चालवणारा आमचा तांडेल माझ्यावर उखडलाच. वेरावळला घेतलेली नवी होडी मला सोबत घेऊन समुद्रातूनच देवगडला आणायची, असा त्याचा हट्ट. मी मात्र ट्रेलर ठरवून मोकळा झालो होतो, आईसाठी.

ती पडवीत मासळी निवडत बसली होती, नेहमीसारखीच समुद्राकडे तोंड करून. मी रांगत होतो तेव्हा बाबा अशीच नवी होडी आणायला वेरावळला गेले. तिथून निघाल्याचा निरोप तेवढा आला. होडी किनाऱ्याला लागली की तिच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, फोडायचा म्हणून आईने आणलेला नारळ अजून देव्हाऱ्यात आहे. आतलं पाणी कधीच आटलं. हलवला की गोटा वाजतो.

"ट्रेलर थेट दारात येतलो गो आये. तू घोर करू नको," मी म्हटलं.

आईचा हात थांबला. नजर मात्र पाण्यावरून हलली नाही.

"दर्यातून घेवन ये, झिला," ती म्हणाली. "इतकी वर्सा मी थयच बघतंय. रस्त्यान इली तर माझ्या पाठसून येतली."