चाराजवळची चीर

"नीट बघा हं. डायल बदललेली असू शकते," देवेश पुन्हा म्हणाला.

चंद्रप्रकाशनी डोळ्यावरचं भिंग न काढता मान हलवली. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या त्यांच्या गाळ्यात जुनी घड्याळं पारखून घ्यायला लांबून लोक येत, आणि प्रत्येकाला घाई असे.

देवेशशेजारी त्याचे वडील, नाना, ताठ बसले होते. साखळीला लावून खिशात ठेवायचं ते घड्याळ नानांच्या वडिलांचं, गिरणीत कामगारांवर मुकादम असलेल्या धोंडू जॉबरचं. गणपतीआधी देवेशने ते सर्व्हिसिंग करून आणलं आणि नानांनी हातात घेताच निकाल दिला: कारागिराने डायल बदलली.

घरात कुणाचा विश्वास बसला नाही. नाना दहिसरच्या खोलीत एकटे राहत, मध्यंतरी गॅसवर दूध ठेवून विसरले होते. त्यामुळे सुनेने, रुचिराने, लगेच डॉक्टरांचं नाव काढलं. मग म्हातारा भडकला.

"डायल तीच निघाली तर माझी मती गेली समजा. खोली बंद करून दिंडोशीक तुमच्याकडे येतंय. सांगशात तसा रवतंय."

नाना बोलले की बोलले. आपली खोली, आपला बाजारहाट, भजनी मंडळ, सगळं त्यांनी एका डायलवर लावून टाकलं. देवेशने "जाऊ द्या ना बाबा" म्हणून परोपरीने विनवलं, पण ऐकतील तर ते नाना कसले!

"काका, काय वेगळं दिसतं?" चंद्रप्रकाशनी विचारलं.

"चाराजवळ चीर होती. केसासारखी. बापाशीन माका त्या चिरेवरनंच वेळ सांगूक शिकवल्यान. ती खंय गेली?"

"आणि बाकी?"

"बाकी सगळा ताच. साखळी तर माझ्या कपाटातच होती. डायल तेवढी बदलल्यानी."

चंद्रप्रकाशनी काटे काढले, बाजूचे स्क्रू सैल केले आणि पांढरी डायल अलगद उचलली. बराच वेळ ते आलटून पालटून डायल आणि मशीन बघत राहिले.

"इनॅमलच्या डायलला मागून तांब्याचे पाय असतात," ते म्हणाले. "ते मशीनच्या भोकांत बसतात. दुसरी डायल बसवायची तर बहुतेकदा पाय कापून चिकटवावी लागते. इथे पाय अखंड आहेत. मागचा जुना डाग मशीनवरच्या डागाशी जुळतो. ही जन्मापासूनची जोडी आहे."

"म्हणजे?" देवेशने विचारलं.

"डायल ओरिजिनल. कधीच बदललेली नाही."

"पण चीर?" नानांनी विचारलं.

"इनॅमलची चीर बुजत नाही, काका. आज नाही, म्हणजे कधीच नव्हती."

"अहो, तुमची चूक होत असेल!" देवेश जवळजवळ ओरडला. "परत बघा ना!"

चंद्रप्रकाशना त्याची दया आली. बापासाठी इतकं भांडणारा मुलगा हल्ली कुठे दिसतो? त्यांनी पुन्हा बघितलं. उत्तर तेच आलं. घड्याळ पुन्हा जोडून त्यांनी नानांच्या हातात दिलं.

नाना घड्याळावरून अंगठा फिरवत राहिले. "माका तर ती अजून दिसता," ते म्हणाले. मग घाबरून त्यांनी मुलाकडे पाहिलं. "मगे बापाशीन शिकवल्यान, ता तरी खरा काय रे?"

देवेशला फार वाईट वाटलं.

बाहेर आल्यावर नाना गेटपाशी थांबले. एरवी रस्ता एकट्याने ओलांडणाऱ्या नानांनी मुलाची बाही घट्ट धरली. दुसऱ्या हाताने खोलीची किल्ली काढून त्याच्या हातात दिली.

"तूच बंद कर. माझ्यार आता भरवसो नाय."

किल्ली खिशात टाकून देवेशने रिक्षाला हात केला. नानांचं घड्याळ सर्व्हिसिंगला नेतानाच कुठेतरी पडलं होतं, आणि बाबांना वाईट वाटू नये म्हणून त्याने वणवण करून अगदी तसंच दुसरं, अस्सल, शोधून आणलं होतं.