शुद्धीवर आल्यावर

“हे ऐकून कुणाचा विश्वास बसत नाही. तुझाही बसणार नाही,” असं म्हणत नॉर्मंडकाकांनी खुर्ची ओढली आणि ड्वेनच्या खाटेजवळ ठाण मांडलं.

खाटेभोवतीचा पडदा ओढता ओढता इल्डा थबकली. पंधरा दिवसांच्या वर्गात याच म्हाताऱ्यानं फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, रुग्णाशी खोटं बोलायचं नाही. नशेतून सुटलेल्यानं नशेत अडकलेल्याशी बोलावं, एवढ्यासाठीच तर हॉस्पिटलनं या दोघांना तातडीच्या विभागात घेतलं होतं. काकांना सुटून तेवीस वर्षं झाली होती, इल्डाला तीन. आज तिचा पहिला दिवस, आणि पहिलाच रुग्ण पळायच्या बेतात.

ड्वेन घरांची छपरं बसवायचा. तासाभरापूर्वी नशेच्या जादा डोसनं त्याचा श्वास थांबला होता. नशा एका झटक्यात उतरवणारं औषध नाकात फवारून त्याला परत आणलं, तसा तो नर्सला शिव्या हासडतच उठला. तिच्या हातातला ट्रे भिंतीवर भिरकावला. आता मान खाली घालून बुटाची नाडी बांधत होता. औषधाचा जोर ओसरला की श्वास पुन्हा थांबू शकतो, हे डॉक्टरांचं दोनदा सांगून झालं होतं.

“ती नर्स अजून बाहेरच आहे का?” त्यानं विचारलं.

“आहे,” इल्डा म्हणाली.

“मग मागचं दार कुठंय?”

इल्डानं खिशातली वर्गाची वही चाचपली.

काकांना मात्र घाई नव्हती. “मी मेलो तो चर्चच्या तळघरात, बिंगोच्या खेळाच्या टेबलाखाली. बिंगोत जिंकलेली हॅमची, म्हणजे डुकराची, खारवलेली तंगडी उशाला. चांगली अकरा मिनिटं मेलो बघ. पाद्रीबुवांची प्रार्थना उरकली, अर्ध्या वूनसॉकेट गावाचं रडून झालं, कॉफीसुद्धा वाटून झाली.”

ड्वेननं दुसरा बूट ओढला.

“आणि मग डोळे उघडले ते याच खाटेवर. समोर नर्स. मी उठून बसलो, केस नीट केले. म्हटलं, बाईसाहेब, फार उपकार झाले तुमचे. चादरीची घडी घातली. तिचा हात हातात घेतला, अलगद ओठ टेकवले आणि...”

“खोटं.”

इल्डाच बोलली होती. आवाज पडद्यापलीकडे गेला, त्याचंही तिला भान नव्हतं.

“साफ खोटं बोलताय, काका. तेव्हा कसले उपकार नि कसलं काय. अंगातून करवत फिरत असते. मला जागं केलं त्या नर्सला मी चावले होते.”

जणू याचीच वाट पाहत होते, तशी काकांनी आपली खुर्ची गुपचूप मागे सरकवली.

ड्वेनच्या बोटांतली नाडी तशीच राहिली. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

“जोरात चावलीस?”