एकच कुत्रा

“मान हलवू नकोस रे, रंग गालावर येतोय,” म्हणत मास्तरांच्या बायकोने रड्याच्या डाव्या कानावर कलपाचा दुसरा हात फिरवला.

कलप मास्तरांचा होता. या सिनेमाच्या नादात मास्तरांचं डोकं पांढरं झालं आणि कुत्र्याचा कान काळा.

“अहो, दार लावा आधी. कोणी पाहिलं तर कुत्र्यांबरोबर आपणही रस्त्यावर.”

मास्तरांनी व्हॅनचं दार ओढलं. सकाळचं काम उरकून पळ्या पंख्याखाली जीभ काढून पसरला होता. त्याचा काळा कान मात्र जन्मजात.

मास्तर सिनेमासाठी कुत्री शिकवायचे. घराघरांत पाहिलेल्या एका जुन्या कार्टूनपटावरून आता खऱ्या माणसांचा, खऱ्या कुत्र्याचा सिनेमा होत होता. कार्टूनमधला कुत्रा भिंतींवरून उड्या मारायचा आणि मालकीण रुसली की डोळे भरून बघायचा. पेन्सिलीचं काय जातंय! हाडामांसाच्या कुत्र्याला दोन्ही कसं जमावं? पळ्या आगीतूनही उडी मारेल, पण दोन मिनिटं एका जागी बसणार नाही. त्याचा सख्खा भाऊ रड्या असा बघतो की उपाशी माणसाने हातातला घास द्यावा. पण पळायचं म्हटलं की आधी जांभई.

आणि स्टुडिओच्या फाटकावर घराएवढी पाटी: ‘ना संगणक, ना बदली. एकच खराखुरा कुत्रा!’ करारातही तेच. खोटं निघालं तर मास्तर त्याच दिवशी बाहेर आणि पुन्हा कुठेच आत नाहीत. सिनेमा पार पडला की अंगणाचं घर घ्यायचं, दोघा भावांना मोकळं सोडायचं, एवढंच नवराबायकोचं ठरलेलं. ते अंगण आता एका कानाला लटकलं होतं.

नशीब मात्र मास्तरांच्या बाजूचं. दिग्दर्शिका बाईंनी वेळापत्रकच असं लावलं होतं, की धावपळ सगळी सकाळी आणि रडारड सगळी दुपारी. मधल्या सुट्टीत बाई आपल्या व्हॅनचं दार लावून बसत. कुणी ठोठावायचंही नाही. तेवढ्यात इकडे पळ्या आत, रड्या बाहेर.

“या बाई मला कळतच नाहीत,” बायको म्हणाली. “सकाळी बिनसाखरेची कॉफी आणि तोंडही तसंच. दुपारी चहात तीन चमचे साखर आणि मला ‘ताई’ म्हणतात.”

“मोठी माणसं, अगं. पोटात अन्न गेलं की निवळतात. तू नाही का?”

“मी तुम्हाला उपाशीपोटीही सहन करते, हे विसरू नका.”

माणूस ओळखण्यात मास्तर स्वतःला पक्के समजत. कुत्र्याला बिस्कीट देताना अर्धं स्वतः कोण खातं, इथपासून सगळ्या युनिटचा ताळेबंद त्यांच्या डोक्यात होता. बाईंच्या नावावर ओरडा सकाळी, गोडवा दुपारी. शिल्लक बरी.

तेवढ्यात रड्याने मान टाकली आणि कलपाच्या वाटीतच ओकला. आडोशाला बिस्किटांचा अख्खा पुडा रिकामा सापडला.

“झालं!” मास्तरांनी रिकामा पुडा उलटा झटकला.

“झालं काय? पळ्यालाच न्या. आज नुसतं दाराशी बसायचंय ना?”

मास्तरांनी पळ्याला नेलं. बाई चहाचा कप घेऊन आल्या, वाकल्या, हात पुढे केला. सकाळीच पळ्याने बाईंचा हात कोपरापर्यंत चाटला होता. आता तो दोन पावलं मागे सरला, त्याने बाईंचे बूट हुंगले, बाही हुंगली आणि बारीक गुरगुरला.

बाईंचा चहा हिंदकळला. “हा मला ओळखत नाही?”

मास्तरांनी पळ्याला मागे ओढलं. “अत्तर बदललंत का, बाई?”

“अं? हो. हो, बदललं,” बाईंनी घाईने हात मागे घेतला. मग त्या पळ्याकडे बघत राहिल्या. मग मास्तरांकडे. मग लांब उभ्या असलेल्या मास्तरांच्या व्हॅनकडे. “डोकं दुखतंय. आजचं काम इथेच थांबवू.”

संध्याकाळी दार वाजलं.

“मास्तर, उघडा.”

लपवायला वेळ नव्हता. एका घोंगडीवर दोन कुत्री, दोन काळे कान. बाईंना बघून रड्याने पडल्या पडल्या शेपटी आपटली. पळ्या गुरगुरला.

“बाई, चूक सगळी माझी,” मास्तर म्हणाले. “हिचा काही संबंध नाही.”

“कलप यांचा असला तरी लावला मी,” बायको म्हणाली. “काढायचं तर दोघांना काढा.”

बाई घोंगडीशी बसल्या, रड्याच्या पोटावरून हात फिरवला.

“खरं सांगा मास्तर. एकट्याला नसतं जमलं?”

“पळणं आणि रडणं, दोन्ही? नाही बाई. कोणालाच नाही जमायचं.”

“कोणालाच नाही,” बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. “फाटकावरची पाटी राहू दे तशीच.”

“पण करार?”

“करार माझाही तसाच आहे,” म्हणून त्यांनी दाराकडे मान वळवली. “ये गं आत.”

पायरीवरून तोच चष्मा, तेच नाक, वर कपाळावर आठी घेऊन दुसऱ्या बाई आत चढल्या. पळ्या टुणकन उठून त्यांच्या अंगावर झेपावला आणि रड्याने शांतपणे आपल्या बाईंच्या मांडीवर डोकं टेकलं.