तेरावं कूळ

अजगरांना हुसकावून तेरा कुळांनी खंड कसा वसवला, तो प्राचीन इतिहास चौकातल्या शिळेवर कोरण्याचं काम पाथरवटाला मिळालं. बारा कुळं कोरून होताच एकच ओळ उरली. मीठ वाहणाऱ्या तेराव्या कुळाचा केव्हाच निर्वंश झालाय, विचारायला कोण येतंय, असं म्हणत त्याने तिथे झोकात स्वतःचं नाव कोरलं. दुसऱ्या सकाळी एक म्हातारी काठी टेकत आली. “बाळा, मी मीठवाल्यांची. आमचं नाव कुठाय रे? मला वाचता येत नाही.” त्याने तिचं बोट धरून स्वतःच्याच नावावर टेकवलं. ती ते कितीतरी वेळ कुरवाळत राहिली. “किती खोल कोरलंस! उद्या नातीला आणते. तिला वाचता येतं.” ती वळताच त्याने छिन्नी उचलली. संध्याकाळ झाली तरी नाव निघेना. खरंच फार खोल कोरलं होतं.