मगरवाल्या संताखाली

"ऑर्सोला!"

नीवेसचा आवाज फाटला होता. सान तोदारोच्या खांबाला तिनं तिसरी फेरी घातली. वर, धुक्यात, संत आपल्या मगरीवर पाय रोवून उभा होता. खाली माणसंच माणसं, पण पोरीचा लाल कोट कुठंच नव्हता.

पाच मिनिटांपूर्वी हात सुटला होता. पाचच. व्हेनिसच्या या चौकात पाच मिनिटांत पोर कुठंही जाऊ शकतं, आणि पाणी तर दोन पावलांवर.

धक्क्यावर नावाडी नाने आपल्या गोंडोल्याचा दोर बांधत होता.

"माझी मुलगी हरवलीय," ती म्हणाली.

नानेनं दोर टाकला, पाठ फिरवून फोन लावला, दोन शब्द बोलला. नाव विचारलं नाही, वयही नाही.

"पोलीस?"

"येतायत, सिन्योरा. बसा पायरीवर."

"बसू कशी? पाणी बघा केवढं चढलंय."

"पाण्याकडे मी बघतो. काल एकाची टोपी पडली, ती बुडायच्या आत मी वल्ह्यानं काढली. डोक्यापेक्षा टोपीच बरी होती त्याची."

ती हसली नाही. होड्यांच्या मधल्या काळ्या पाण्यात तिला दर लाटेला एक डोकं दिसत होतं. घड्याळाच्या मनोऱ्याकडे नजर गेली. मघाशी दोन वाजले होते ना? काटा चारवर होता. घड्याळ बिघडलं असणार.

तेवढ्यात पलीकडे, दुसऱ्या, सिंहाच्या खांबापाशी, काहीतरी लाल हललं.

ती धावली. सरळ वाट दोन खांबांच्या मधून होती. पाहुणे तिथून खुशाल हसत जात होते. इथलं माणूस जात नाही. त्याच जागी पूर्वी फाशी देत. जन्मात नीवेसनं तिथं पाऊल टाकलं नव्हतं. आता टाकणार, एवढ्यात कुणीतरी दंड धरला.

"मधून नाही. वळसा घालून."

चाळिशीची बाई होती. धापा टाकत होती. बाहीला पीठ, हातात पिशवी. साध्या कपड्यातली पोलीस, नीवेसला वाटलं.

"तुम्ही इथल्याच?"

"इथलीच. मधून गेले असते तर आईनं पाठ सोलली असती."

"बरोबर केलं असतं."

दोघी वळसा घालून गेल्या. लाल छत्री होती.

नीवेस पुन्हा पाण्याकडे वळली. बाईनं तिला धरून परत मगरवाल्या संताखाली आणलं, पायरीवर बसवलं. मग स्वतः खाली बसून नीवेसच्या पायांतल्या भिजलेल्या सपाता काढल्या. घाईत ती घरातल्या सपातांवरच निघाली होती. पिशवीतून लोकरी बूट निघाले. नेमके मापाचे. पोलीस आता बूटही घेऊन हिंडतात की काय?

"वेळ घालवू नका हो," नीवेस रडू लागली. "अंधार पडला तर ती भिईल. पाच वर्षांची आहे. मी तिला शंभरदा शिकवलंय, हरवलीस तर मगरवाल्याखाली येऊन उभी राहा, हलू नकोस, घरचं माणूस तुला न्यायला येईलच. मग ती का नाही आली?"

बाईनं बुटाची नाडी बांधली. नानेकडे बघून मान हलवली. नाने तोंड फिरवून दोर आवळू लागला.

"हरवलेल्या माणसानं इथं येऊन उभं राहायचं," ती म्हणाली, "आणि तू येऊन उभी राहिलीस, आई."