श्रेयाच्या मनगटावरचा दिवा

एलईडीचा एक पाय प्राचीने चिमट्याने वळवला, त्याची कडी केली आणि जुन्या जीन्सच्या पट्टीवर टाचून टाकली. मग दुसरा पाय. सुईत वीज वाहून नेणारा स्टीलचा राखाडी धागा होता, खास पुण्याहून मागवलेला. टाक्यांची एक ओळ सेलच्या अधिक बाजूपासून, दुसरी उणे बाजूपासून. दोन ओळी एकमेकींना टेकल्या की खेळ खलास. टिचबटण हाच खटका. मनगटावर बटण लावलं की दिवा लागणार, काढलं की विझणार.

"आई, आजून किती?" सहा वर्षांची श्रेया कधीपासून हात पुढं करून बसली होती.

"हलू नकोस. माप चुकेल."

भवानीनगरच्या कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता. घरासमोरच्या रस्त्यावरून उसाच्या जोडट्रॉल्या सारख्या घरघरत जायच्या. कुणाला मागं लाल दिवा नाही, कुणाला पुढं एकच. आणि नेमक्या दिवेलागणीला प्राचीच्या सासूबाई, कुशाबाई, दुधाची किटली घेऊन रस्त्यापलीकडच्या संकलन केंद्रावर निघायच्या. सोबत श्रेया हवीच.

"आत्या, तिला कशाला नेता?" प्राचीने आजही विचारून पाहिलं.

"मग काय, तुझ्यासारखं पुस्तकात तोंड घालून बसू दे व्हय तिला?"

नवरा रविराज बारामती एमआयडीसीत, दुसऱ्या पाळीला. मांडीवर दोन महिन्यांचा धाकटा. प्राचीला घर सोडता येत नव्हतं. धाकट्याच्या बाबतीत सासूबाईंनी आधीच अंग काढून घेतलेलं. श्रेयाला त्यांनीच पायांवर घेऊन न्हाऊ घातलं होतं. याच्या वेळी मात्र "माझं हात भरून येत्यात" म्हणून बाळाला न्हाऊ घालायला गावातल्या म्हाळसाला कामाला लावून मोकळ्या झाल्या. प्राचीने ते मनात ठेवलं होतं. नातीला रस्त्यावर न्यायला बरे हात भरून येत नव्हते.

बटण टिचकलं. तांबडा दिवा लागला. श्रेया उड्या मारत आजीकडं पळाली.

कुशाबाईंनी तिचं मनगट हातात घेतलं, पट्टीवरून अंगठा फिरवला. "तांबडा कशाला गं? ढवळा लाव, लख्ख. आन् दोन लाव."

"सेल लवकर उतरेल, आत्या."

"उतरू दे. कालिजात शिकलीस न्हवं? मग कर की!"

प्राचीने टाके उसवले. दुसऱ्या खेपेला दिवे लागेचनात. तिने पट्टी उलटी करून पाहिली. गाठीपुढचं धाग्याचं शेपूट पलीकडच्या ओळीला टेकलं होतं. तिने ते कात्रीने उडवलं आणि दोन्ही पांढरे दिवे भक्कन लागले.

संध्याकाळी धाकट्याला खांद्यावर घेऊन ती दारात उभी राहिली. आजी-नात रस्त्याच्या कडेला थांबल्या. एक ट्रॉली गेली. तिच्या मागून दुसरी गेली. मग पांढरा ठिपका सरळ पलीकडं पोचला. प्राचीने धरून ठेवलेला श्वास सोडला.

आठवडाभर ती रोज तशीच बघत राहिली. ठिपका जायचा, थांबायचा, परत यायचा. एकदाही घाई नाही, एकदाही चूक नाही. म्हातारी हट्टी आहे, पण रस्त्याला चोख आहे, असं तिला वाटू लागलं. मनातली अढी सैल झाली. उगाच आपण जिवाला घोर लावून घेतला.

रविवारी दुपारी तिने दुसरी पट्टी शिवायला घेतली. जरा मोठ्या मापाची, हिरव्या खणाची. कुशाबाई गोठ्यात होत्या.

"ही कुणाला?" श्रेयाने विचारलं.

"आजीला. तुम्ही दोघी ट्रॉलीवाल्यांना लांबून दिसायला नकोत का?"

श्रेयाने पट्टी झटकन पाठीमागं लपवली. "आजीला नको!"

"का गं? तुझ्या एकटीच्याच हातात चमकायला पायजे व्हय?"

"तसं न्हाय." श्रेयाने गोठ्याकडं पाहिलं आणि आवाज बारीक केला. "ती माझ्या दिव्यामागनं येती. तिच्या हातात पण लागला तर ती घोटाळंल."

"मागनं येती? तिने तुझा हात धरायचा असतो ना, ट्रॉली बघून?"

"ट्रॉली तिला कुठं दिसती, आई? मी 'चल' म्हणलं की येती ती."