खांबाजवळचं टेबल

जुनी कापडगिरणी पाडून तिथे मॉल झाला, तेव्हा पहिल्याच रविवारी आम्ही सगळे आइस्क्रीम खायला गेलो.

खांबाजवळच्या टेबलांवर जो तो ओरडून बोलत होता. गाणी नव्हती, दुसरा कसलाच गोंगाट नव्हता. तरी माझी जाऊ, जिचा आवाज शेजारच्यालाही ऐकू जात नाही, चमच्यासाठी केकाटली. आम्ही पोट धरून हसलो.

"इथंच माझा माग होता," सासरे खुशीत ओरडले. "त्या खडखडाटात असंच बोलावं लागायचं."

तेवढ्यात सगळी टेबलं एकदम गप्प झाली.

सासऱ्यांचा चेहरा उतरला. "चालू पाळीत माग थांबले," ते हळूच म्हणाले, "म्हणजे कुणाचा तरी हात अडकला."

मी हसतच टेबलाखालचा डावा हात वर घेऊ लागले. तो येईना.